बिनआरशाचा कॅमेरा आणि चार नंबरच्या मागावरचे मोर

अक्कलकोट रोड एमआयडीसी,
सोलापूर.
गुरुवार, दुपारचे तीन (पंखा बंद, वीज गेलीय)

तीर्थरूप अण्णांना भुवनेश्वरीचा वाकून नमस्कार. (इथूनच वाकले आहे. त्रेचाळीस डिग्रीत एवढंच जमतं, गोड मानून घ्या.)

आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा, वहिनींचं पित्त आणि बेंगळुरूची ती थंड हवा, जिच्याबद्दल तुम्ही दर फोनला न विचारता सांगता, ही तिन्ही कशी आहेत ते कळवावं. फोनवर तू भांडतेस, तेव्हा कॅमेऱ्याचा अनुभव नीट लिहून पाठव, असा तुमचा हुकूम होता. म्हणून लिहायला बसले. तुम्ही कॅमेरा आठ दिवस वापरून बघायला दिला होता आणि आज पाचवा आठवडा चालू आहे हे मला माहीत आहे. तेवढा विषय तुम्ही काढू नका, मी कशी शहाण्यासारखी तुमच्या पक्ष्यांच्या फोटोंचा विषय काढत नाही. (निवृत्तीनंतर पाखरांचे फोटो काढणार म्हणून एवढा महागाचा कॅमेरा घेतलात आणि कार्डात फक्त एक कबुतर सापडलं. तेही पाठमोरं.)

कॅमेरा आला तेव्हा आम्ही अडचणीतच होतो. महाबळेश्वरच्या एका हॉटेलची तीनशे चादरींची ऑर्डर आमच्याकडे होती, लालसर विटकरी रंगावर पिवळ्या मोरांची नक्षी. तिथल्या खरेदी बघणाऱ्या पूनम मॅडमनी माल पाठवण्याआधी फोटो मागितले. ह्यांनी मोबाईलवर काढून पाठवले. त्यात विटकरी रंग टोमॅटोसारखा आला आणि मोर कोंबड्यांसारखे. मॅडम म्हणाल्या, खरा रंग आणि खरी वीण दिसेल असे फोटो शुक्रवारपर्यंत पाठवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. हॉटेल मोठं, त्यांच्या आणखी चार शाखा, आणि आमच्या सहा मागांपैकी दोन दिवाळीपासून झाकून ठेवलेले. त्यामुळे तुमचं पार्सल उघडलं तेव्हा ह्यांनी आधी त्याला कुंकू लावलं आणि मग माहितीपत्रक शोधलं.

माहितीपत्रक कुणाला कळेना म्हणून नवी पेठेतल्या गुरप्पांना बोलावलं. तुम्हाला आठवत असतील, तुमच्या लग्नात ज्यांनी सगळ्यांना ‘हसा’ म्हणून दरडावलं होतं ते. सत्तरी ओलांडली, पण स्टुडिओ अजून चालवतात. त्यांनी कॅमेऱ्याची लेन्स काढून आत डोकावून पाहिलं आणि तोंड असं केलं, जसं काही आत उंदीर मेलाय. म्हणाले, “ह्यात आरसाच न्हाय की!” ह्यांनी सांगितलं की हा नव्या पद्धतीचा, बिनआरशाचाच असतो. गुरप्पा म्हणाले, “बिनआरशाच्या सलूनात दाढीला बसता का तुमी? मग?” तरी ते गेले नाहीत. आपला जुना कॅमेरा घेऊन आले आणि म्हणाले, दोन्हीनं काढू, बघू कुणाचं चांगलं येतंय. अशी ही परीक्षा सुरू झाली, आणि गुरप्पा पाच दिवस आमच्याकडे जेवायला होते.

आता गुणदोष ऐका. पहिला दोष म्हणजे हा कॅमेरा मुका आहे. तुम्ही त्यात काय करून ठेवलं होतं कोण जाणे (पाखरं उडू नयेत म्हणून असणार), बटण दाबलं तरी आवाज शून्य. आमचे हे खांद्यावर चादर टाकून, पोट आत ओढून गच्चीत उभे राहिले. मी फोटो काढला, ‘झालं’ म्हणाले, तरी हे हलेनात. “आवाज आला न्हाय, म्हणजे निघाला न्हाय.” मी सतरा फोटो काढले. सतराव्यात पोट बाहेर आलंय आणि चेहरा घागरीसारखा. शेवटी मी तोंडानं ‘खट्’ म्हणाले तेव्हा खाली बसले. वेग मात्र भलताच. घडी घालणाऱ्या जगदेवीला चादर धरून उभी केली आणि तिला नेमकी शिंक आली. त्या एका शिंकेचे बावन्न फोटो निघाले, एकेक सुट्टा आणि स्वच्छ. जगदेवी ते सगळे मोबाईलवर घेऊन गेली आणि आता तिच्या घरी पाहुण्यांना ओळीनं दाखवतात म्हणे.

सूक्ष्मपणाबद्दल बोलायचं तर अति. बारीक विणीचा पांढरा नॅपकिन काढला, तर त्यावर इंद्रधनुष्यासारख्या लाटा उमटल्या. हे धावत रंगखात्यात गेले आणि तिथल्या माणसाला बोल बोल बोलले. मग कळलं की लाटा नॅपकिनवर नाहीत, फोटोतच आहेत. वीण आणि कॅमेऱ्याचे आतले ठिपके दोन्ही बारीक असले की असं होतं, चार पावलं मागं सरकलं की जातं. (रंगखात्यातल्या माणसाची समजूत काढायला मात्र चार पावलं पुरली नाहीत, चहा आणि भजी लागली.) उन्हाचं तर विचारूच नका. दुपारी गच्चीत व्हिडिओ काढायला घेतला, दहा मिनिटांत कॅमेऱ्यानं थर्मामीटरचं चित्र दाखवलं आणि डोळे मिटले. थंड मुलखात जन्मलेलं यंत्र, त्याला सोलापूरचा एप्रिल कोण सांगणार? त्याला माठाजवळ ठेवलं. गुरप्पांचा कॅमेरा तेवढ्या वेळात उन्हात खटाखट चालू होता आणि गुरप्पा मिशीला हात लावत होते.

आता खरी गोष्ट. तुम्ही कॅमेऱ्यात पाखरांचा डोळा शोधायची सोय चालू ठेवली होती. पाखरू दिसलं की त्याच्या डोळ्यावर छोटी चौकट येऊन बसते आणि तिथं फोटो नेमका येतो. त्या आठवड्यात बुधवारी आम्ही गच्चीत दोरीवर चादर टाकली, तर कॅमेऱ्यानं आमच्या विणलेल्या मोराला खरा मोर समजून त्याच्या डोळ्यावर चौकट ठेवली! ह्यांना एवढा आनंद झाला, म्हणाले, “बघितलंस? जपानच्या यंत्राला बी आपला मोर जिता वाटतोय.” दुसरी चादर टाकली, पुन्हा चौकट. तिसरी टाकली आणि चौकट येईना. पुढं गेलो, मागं गेलो, लेन्स पुसली, बॅटरी बदलली. मोरासमोर चौकट नुसती भिरभिरायची आणि पलीकडच्या तारेवर बसलेल्या कावळ्यावर जाऊन बसायची. ह्यांनी वैतागून कसलंसं बटण दाबलं, तर आतली सगळी भाषा जपानी झाली. ती परत इंग्रजी करण्यात एक तास गेला. गुरप्पा खुर्चीत बसून म्हणत होते, “आरसा न्हाय त्यो घात करणारच.” हे म्हणाले, अण्णांनी बिघडलेला कॅमेरा आपल्या गळ्यात मारला. (मी तुमची बाजू घेतली. फार नाही, पण घेतली.)

सासूबाई कडेला सांडगे वाळत घालत होत्या. तुम्हाला माहीत आहे, आमच्याकडचा माल ह्या शरणम्मांच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. चाळीस वर्षं घडीच्या टेबलावर बसून त्यांनी एकेक चादर तपासली आहे, आणि हॉटेलच्या ह्या तीनशेही त्यांनीच पास केल्या होत्या. त्या हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, “दोन तास त्या यंत्राला शिव्या द्यायलाय तुमी. चादर कुनी बघितली का? त्यो फोटो मोठा करून दाव मला.” मी पडद्यावर मोर मोठा केला, आणखी मोठा केला. त्यांनी कॅमेरा नाकाजवळ धरला. बराच वेळ धरला. मग हळूच म्हणाल्या, “नविलिगे कण्णे इल्ल.”

मोराला डोळाच नाही, अण्णा!

खरंच नव्हता. डोळा म्हणजे असतो केवढा, मुगाएवढा ठिपका. आम्ही धावत खाली गेलो, गठ्ठे सोडले. चार नंबरच्या मागावर निघालेल्या एकशे दहा चादरींवरचे झाडून सगळे मोर आंधळे. शोध घेता कळलं, ज्यांच्या भोकांवरून माग नक्षी विणतो त्या पुठ्ठ्यांपैकी एक महिन्यापूर्वी फाटला होता, तो कुणीतरी चिकटपट्टीनं जोडला आणि पट्टीखाली नेमकी डोळ्याची भोकं बुजली. ‘कुणीतरी’ म्हणजे कोण हे मी विचारलं नाही. आमच्या ह्यांनी एकदम तारेवरच्या कावळ्याची चौकशी सुरू केली, त्यावरून समजले.

आणि मग ह्यांच्या डोक्यात एक नामी कल्पना आली. गुरप्पांनी काढलेला फोटो इतका मऊ होता की त्यात डोळे असलेल्या मोरांनाही डोळे दिसत नव्हते. सगळे सारखेच आंधळे, कुणावर अन्याय नाही. हे म्हणाले, हाच फोटो पाठवू. वर, हॉटेलात माणसं झोपायलाच येतात, तेव्हा मोर झोपलेले आहेत असं सांगू. गुरप्पांना आपला फोटो निवडला गेला ह्याचा एवढा आनंद झाला की त्यांनी तो का निवडला गेला हे विचारलंच नाही. मीही अडवलं नाही, अण्णा. खोटं कशाला सांगू, मीही मनात कामगारांचा महिन्याचा पगार आणि झाकलेले दोन माग मोजत होते.

सासूबाई गठ्ठ्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “शिवू, फोटो तुला पायजे त्यो पाठव. चादर कुठली पाठवशील?”

ह्यांची मान खाली गेली. सासूबाईंची पण गेली, आणि ते मला जास्त लागलं. म्हणाल्या, “मी हात फिरवून पास केलंय गं. तुटका धागा बोटाला लागतो. डोळा लागत न्हाई.” तेव्हा सगळं बाहेर आलं. दोन वर्षं त्यांना धड दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. घडीच्या टेबलावरून उठवतील म्हणून कुणाला सांगितलं नाही, बोटांवर भागवत राहिल्या. मी रोज त्यांच्या शेजारी बसून चहा पिते आणि मला कळलं नाही. तुमच्या कॅमेऱ्याला मात्र दोन तासांत कळलं. मी त्यांचा हात धरला तर त्यांनी झटकला आणि म्हणाल्या, “रडू नको, सांडग्याला कावळा लागला बघ.”

मी पूनम मॅडमना फोन लावला आणि जे होतं ते सांगितलं. तुमच्या कॅमेऱ्यानं काढलेले डोळस आणि आंधळ्या, दोन्ही मोरांचे फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले. (झोपलेल्या मोरांची कल्पनाही घाबरत घाबरत सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “झोपायला आमचे पाहुणे आहेत ना, मोर जागेच द्या.”) एकशे नव्वद चादरी त्यांनी लगेच मागवल्या, उरलेल्यांना तीन आठवडे दिले. ह्यांनी नवा पुठ्ठा पाडून आणला आणि स्वतः चार नंबरच्या मागासमोर स्टूल टाकून बसले. परवा शेवटचा गठ्ठा गेला. काल मॅडमचा निरोप आला, फोटोतला रंग आणि हातातला रंग एक आहे, दुसऱ्या शाखेचा विचार करू. विचारच आहे अजून, पण एका झाकलेल्या मागावरची धूळ आम्ही पुसून ठेवली आहे.

सासूबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन गेल्या मंगळवारी झालं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात. पट्टी काढल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, “शिवू, एवढा काळा कवा झालास?” आणि घरी आल्यावर दुसरं, मला उद्देशून, “एवढी जळमटं?” तेव्हापासून मी रोज झाडू घेऊन फिरते आहे. विज्ञानाचे तोटेही असतात, ते तुम्ही ह्या अहवालात जरूर नोंदवून घ्या.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक द्या. उत्तर लिहूनच पाठवा, म्हणजे मला भांडायला पुरावा राहतो.

तुमची धाकटी,
भुवनेश्वरी

ता. क. – वर चुकून कॅमेऱ्याची स्तुती झाली असेल तर ती धरू नये. एकंदरीत कॅमेरा फारच वाईट आहे. मुका आहे, उन्हानं झोपतो, आणि घरातलं नको ते उघडं पाडतो. असली वस्तू तुमच्यासारख्या भल्या माणसाच्या घरात शोभत नाही. ती इथं घडीच्या टेबलावर, सासूबाईंच्या उजव्या हाताला पडून राहिलेली बरी. बॅटरीचा चार्जर तेवढा तुमच्याकडे राहिलाय (इथं मोबाईलच्या वायरीवर भागवतोय), तो लगेच पाठवावा.

ता. क. २ – आंधळ्या मोरांच्या त्या एकशे दहा चादरींपैकी साठ शनिवारी सकाळच्या ट्रॅव्हल्सनं तुमच्या नावावर येत आहेत. उतरवून घ्या, ड्रायव्हरला तुमचा नंबर दिलाय. तुमच्या सोसायटीत एवढी घरं आहेत, सगळ्यांशी तुमची ओळख आहे, आणि सूत एक नंबर आहे. ‘झोपलेले मोर’ म्हणून सांगा. बेंगळुरूची माणसं शिकलेली, त्यांना पटेल. (खरं म्हणजे पत्र ह्याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं. कॅमेऱ्याचं ओघात आलं.)

ता. क. ३ – पाकीट चिकटवताना सासूबाईंनी पत्र काढून घेतलं आणि नव्या डोळ्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाल्या, समदं खरं हाय, एक सोडून. ह्यात खरं किती ते तुम्हीच ओळखा, मी त्यांच्या शब्दांत लिहिते: “लिव तुझ्या अण्णाला, मोराला डोळा न्हाई हे मला पैल्या दिवसापासनं ठावं हुतं. ह्या घरात दुसऱ्या कुनाला दिसतंय का, तेवढं बघत हुते.”