हसायची जागा

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझ्याकडे राहायला ये, हा तुझा हेका काही सुटत नाही. ही गेल्यापासून मी एकटा पडलोय असं तुला वाटतं. अगं, इथे जिन्यावर माणसांची इतकी ये-जा असते की मला फुरसतच मिळत नाही.

बातमी अशी, की जन्मभर घसरून पडायच्या भूमिका केल्यावर तुझा भाऊ सिनेमात एकदाचा नायक झाला. बायको गेलेला शिंपी जेवायला सोबत हवी म्हणून कुणाच्याही लग्नात बिनबोलावता घुसतो, अशी गोष्ट. पोस्टरवर जीभ बाहेर काढलेलं माझं तोंड. लोक हसायला येतात आणि शेवटी रडू आलं की मॅनेजरशी भांडतात. आठवड्याभरात उतरवतील. त्याआधी बघ आणि कुठे हसू आलं ते खरंखरं कळव. भावोजींनाही ने, झोपले तरी खुर्ची भरते.

लोभ आहेच, थोडा सिनेमाकडेही वळवावा.

तुझा,
टिल्लू

९ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अ. आ.

सिनेमा पाहिला. आम्ही दोघं आणि पुढे एक जोडपं. हे झोपले नाहीत, यावरून काय ते समज. नवऱ्या मुलाचा मामा समजून तू ज्याला मिठी मारतोस तोही बिनबोलावताच आलेला निघतो, तिथे मी इतकी हसले की यांनी कोपर मारलं.

मग तो जेवणाचा प्रसंग. वाफेने चष्मा धुरकटतो. तू तो काढतोस आणि न बघताच डावीकडच्या रिकाम्या खुर्चीपुढे धरतोस. धरूनच बसतोस. पुढचं जोडपं खो खो हसलं. मला मात्र हसू आलं नाही. टिल्ल्या, तुझा चष्मा वहिनीच पुसायची. बोलणं न थांबवता तू असाच हात बाजूला करायचास, त्यावरून मी तुला कितीदा झापलंय! ते काही नाटक नव्हतं. जगाला खुशाल हसव, पण मला बनवू नकोस. महिनाअखेरीस मीच तिकडे यावं म्हणते. स्वयंपाक हे बघणार आहेत. देव त्यांना तारो. येऊ का, ते कळव.

जीव लावणारी, कान पिळणारी,
ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ते चुकून झालं. कॅमेरा चालू होता आणि माझा हात आपसूक तिकडे गेला. दिग्दर्शक ओरडेल असं वाटलं, तर त्याने पाठ थोपटली. एवढी बारीक विनोदी जागा सुचली कशी, म्हणाला. मीही, सुचली आपली, असं म्हणून मोकळा झालो. काय सांगणार होतो?

सिनेमा होता तोवर रोज थिएटरात मागे उभा राहायचो. बरोब्बर तिथेच हशा पिकायचा. जिन्यावरची माणसं म्हणशील तर ती सगळी वरच्या मजल्यावर जातात. माझ्याकडे कुणी येत नाही, ताई. घर खायला उठतं. तिथे हसू आलं नाही असं सांगणारी तू पहिलीच. तुझं पत्र वाचून पोटभर रडलो.

याचं उत्तर पाठवू नकोस. तूच ये.

टिल्लू