न मोजलेल्या कामाची वाटणी

मी, प्रतिभा गेणू लोहकरे, वय ४७, अविवाहित, धंदा अध्यापन (अर्थशास्त्र), मूळ राहणार कोंढारवाडी, तालुका आंबेगाव, सध्या मुक्काम घोडेगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पोटातला आजार आता मागे फिरणार नाही, असे मंचरच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही; दडपण आणावे इतके माझ्याकडे काही नाही.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी घोडेगावचे किराणा व्यापारी श्री. शांतीलाल ओस्तवाल यांनी करावी. दर जूनमध्ये अकरावीचा नवा वर्ग घेऊन मी त्यांच्या दुकानात जात असे. ते गल्ल्यातून पन्नासची नोट काढून सांगत, "ही सकाळी मी हमालाला दिली. त्यानं वडापाव खाल्ला. वडेवाल्यानं माझ्याकडूनच बेसन नेलं. नोट परत गल्ल्यात. आता सांगा पोरांनो, मी ती उशीखाली ठेवली असती तर कोण उपाशी राहिलं असतं?" पुढचे वर्षभर मी एवढेच जरा लांबवून शिकवायची. एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई. सरकार यातूनच कर घेते आणि रस्ता बांधून परत देते. बँक एकाची शिल्लक दुसऱ्याच्या कामाला लावते. देश म्हणजे हेच चक्र, फक्त मोठे. शेठजींनी यासाठी माझ्याकडून कधी चहाही घेतला नाही.

२. माझी पुस्तके वसतिगृहातल्या मुलींना द्यावीत. ज्या संस्थेने मला एकोणीस वर्षे तासिका तत्त्वावर ठेवले, तिला एक खडूही देऊ नये.

३. वाडीतल्या घराचा माझा हिस्सा आणि माझ्या नावचे भातखाचर भाऊ गोकुळ याला. तो चाकणला कंपनीत आहे. आईच्या शेवटच्या आजारात मी बोलावले, तेव्हा म्हणाला, "ताई, खाडा झाला तर पगार कापत्यात गं." सात वर्षे मी तो राग धरला. आज सोडते. तो हिशेब त्याला मीच शिकवला होता. कसा, ते पुढच्या कलमात येईल.

४. हे कलम मी तीनदा लिहिले आणि दोनदा खोडले.

आमच्या वाडीत उतारावर दगडी बांध घालून भातखाचरे करतात. एका घराच्या हातून ते होत नाही. म्हणून उन्हाळ्यात सगळी घरे मिळून आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या रानात राबत. याला पडकई म्हणतात. मजुरी नाही, ज्याचे रान, त्याच्या घरी दुपारची भाकरी. २००९ च्या उन्हाळ्यात मी सुट्टीला गेले होते. वाडीत एम.ए. झालेली मी एकटीच. बांधावर बसून मी सगळ्यांना, त्यात गोकुळही होता, सांगितले, देशाच्या उत्पन्नात पैसे देऊन घेतलेले काम धरतात. तुम्ही महिनाभर दगड वाहता, ते तिथे शून्य. नियम याहून गुंतागुंतीचा आहे. ते मला तेव्हाही माहीत होते. मी सांगितले नाही.

शेजारीण लंकाबाई डोक्यावर दगडांची पाटी घेऊन उभी होती. म्हणाली, "मंग इतकी वर्सं आमी काय खेळत व्हतो व्हय गं?"

सगळे हसले. मीही हसले. मग म्हणाले, "रोज लावा, दिवसाची मजुरी ठरवा. म्हणजे मोजले जाल." त्या दिवशीच्या डायरीत लिहिले आहे: आज उपयोगी पडल्यासारखे वाटले.

त्या वर्षी लंकाबाईने मला शंभर दिले, मी तिला शंभर दिले. देशाचे उत्पन्न दोनशेने वाढले, बांध तेवढाच राहिला. हे उदाहरण मी पुढे वर्गात विनोद म्हणून वापरले. पण एकदा रोज ठरला, की माणूस विचारतो, जास्त कुठे आहे? नारायणगावला टोमॅटो तोडायला दुप्पट होता. माणसे तिकडे गेली. हेही पुस्तकात होते.

तिसऱ्या पावसाळ्यात लंकाबाईचा वरचा बांध फुटला आणि खालची तीन खाचरे दगड-गाळाने भरली. नवरा आदल्या वर्षीच वारला होता. ती दारोदार फिरली. वाडीतलाच भिका म्हणाला, "वहिनी, येतो की. पर रोज काय देशील?" ती माझ्याकडे आली. मी तिला दोन दिवसांच्या मजुरीचे पैसे दिले. बांधाला वीस माणसे आठ दिवस लागली असती.

तेव्हापासून ती लोणीकडे कांदा लावायला, काढायला जाते. खाचरांत घाणेरीची झुडपे माजली आहेत. मागच्या दिवाळीत एसटी स्टँडवर भेटली. बरी आहेस का, विचारले. "बरी हाय. रोज मिळतो. आता मोजली गेले ना गं मी?"

तिने टोमणा मारला नसावा. मारला असता तर बरे झाले असते.

पुढे रस्ता झाला, फोन आले. पडकई तशीही मोडली असती. असे म्हणताना मी स्वतःला सवलत देते आहे का, हे मला ठरवता येत नाही.

तरी व्यवस्था अशी. दवाखान्याची देणी भागवून मुदतठेवीतले जे उरेल, ते लंकाबाईच्या बांधासाठी ठेवले असते. पण चौकशी केली. त्या चढावर जेसीबी जात नाही. ठेकेदार स्वतः बघून आला आणि म्हणाला, "म्याडम, हे हातानंच करावं लागंल. आन् हात आणायचं कुठनं?" म्हणून माझ्या तेराव्याचे जेवण करू नये. त्या दिवशी वाडीतल्या प्रत्येक घरातून एकाने लंकाबाईच्या रानात यावे. रोज मिळणार नाही. दुपारची भाकरी माझ्या पैशातून. कोणी आले नाही तर शांतीलालशेठनी स्वतःच्या जेवणाच्या वेळेपर्यंत (ते जैन, दिवस मावळायच्या आत जेवतात) वाट पाहावी आणि उरलेली रक्कम लंकाबाईला देऊन घरी जावे. कोणी येईल असे मला वाटत नाही. कलम खोडत नाही.

५. वडिलांची पहार, दोन टिकाव आणि चार पाट्या त्या दिवशी तिच्या वरच्या बांधाशी नेऊन ठेवाव्यात. उरल्या तर तिथेच राहू द्याव्यात.

साक्षीसाठी वाडीहून भिका आणि मंगल सकाळच्या गाडीने आले. मी त्यांना कलम चार वाचून दाखवले. मग भिका पेन हातात धरून म्हणाला, "परतिभा, आजचा रोज मोडला बघ आमचा. तेवढं बघ."

"राहू दे की भिकाभाऊ," मंगल म्हणाली.

"राहू दे कसं? तिनंच शिकवलंय."

भिका चुकला असे मला लिहिता येत नाही. दोघांना चारशे-चारशे दिले. मंगलनेही घेतले. मी शिकवते त्या नियमाने देशाच्या उत्पन्नात आज आठशे रुपयांची भर पडली आहे.

वरील मजकूर मी वाचला. तो खरा आहे. दोघांच्या देखत सही करते.

ठिकाण: घोडेगाव
दिनांक: ११ मार्च २०२५

(सही) प्रतिभा गेणू लोहकरे

साक्षीदार:
१. भिका धोंडू लोहकरे. रोज मिळाला.
२. मंगल दत्तू गभाले. रोज मिळाला.