मे महिन्यातला चक्रवाक

दोस्ता इनायत,

चाळीस वर्षं तू नेव्हीच्या जहाजावरून दर्यावरची पाखरं कळवली, अन् मी दर्यापुरातून त्यायची नावं. निवृत्त होऊन अकोल्यात आला, तरी आपली पत्रंच चालली.

मे महिन्यात तू लिहिलं, मोर्णा नदीवर चक्रवाक पाह्यला. मी खडसावलं, हिवाळ्याचं पाखरू उन्हाळ्यात कुठून आलं? खोट्या नोंदी पाठवू नको. मंग तुयं पत्रच आलं नाई.

काल तुया मातीले आलो. तुयी पोरगी अमरीन म्हणाली, "काका, अब्बूले दोन वर्षांपासून दिसत नव्हतं. पत्रं थांबू नये म्हणून ते आठवून सांगायचे, मी लिहायची."

अक्षर बदललेलं मले दिसलं होतं. काहून बदललं, ते मी इचारलं नाई.

आज नोंदवही उघडून मे महिन्याच्या पानावर लिहिलं: चक्रवाक, एक. मोर्णा नदी, अकोला. पाहणारा इनायतुल्ला.

तुया,
गुणवंता