हँबुर्गचा डबा

३ मे

आला! माझा आयिक्वे हँबुर्गहून आला! दारातच मला उचललं. "आजी, किती हलकी झालीस गं!" म्हटलं, ठेव खाली, केंकीचं पातेलं करपेल. बसल्या बसल्या आंबवलेल्या मक्याच्या, पानात उकडलेल्या तीन केंक्या संपवल्या पोरानं, तळलेला मासा, वर मिरचीचा ठेचा. नाक पुसत होता नि खात होता. तिकडे म्हणे पाव चावतात आणि पाऊस येईल का यावर बोलतात. एवढा मोठा कॉम्प्युटरवाला माणूस, आणि जेवायला पाव!

५ मे

आयिक्वेनं बाजारातून जुना कॉम्प्युटर आणला. त्यावर जर्मन कचेरीची चिठ्ठी अजून चिकटलेली! म्हणजे तिकडच्या लोकांनी टाकलेला डबा जहाजानं इथे अक्राला आला, आणि तिकडूनच विमानानं आलेल्या माझ्या नातवानं तो पैसे मोजून घेतला. कोर्कोर — माझी लेक, त्याची आई — म्हणाली, "येतानाच काखेत मारून आणायचास ना!"

या डब्यात घरातली सगळी गाणी राहणार म्हणे. माझ्या कॅसेटी, कोर्कोरच्या चर्चची प्रवचनं, सगळं. आणि प्रत्येक खोलीत एकेक स्पीकर. स्वयंपाकघरात, अंगणात, न्हाणीघरातसुद्धा! मोबाइलवर बोट ठेवायचं, की हवं ते हव्या त्या खोलीत.

म्हटलं, माझ्याकडे रेडिओ आहे.

"रेडिओ त्याला हवं ते वाजवतो, आजी. हा तुला हवं ते वाजवेल. मी गेलो तरी तुला करमेल."

गेलो तरी! वर म्हणाला, "सगळ्या खोल्यांत वाजलं की लगेच तिकीट काढतो."

मी तिसरीपर्यंत शिकले. पण एवढं गणित मला येतं.

९ मे

आज डबा वाजला. कोर्कोर न्हाणीघरात, अंगभर साबण, आणि भिंतीतून तिचे पास्टर ओरडले — "पश्चात्ताप करा!" टॉवेल गुंडाळून अंगणभर पळाली! मी इतकी हसले की कवळी काढून ठेवावी लागली. "आई, तूच त्याला लाडावून ठेवलंयस!" असेल बाई. मग कुणाला लाडावू, पास्टरला?

आयिक्वे म्हणाला, "उद्यापर्यंत बाकीच्या खोल्या लागतील."

उद्या? इतक्यात?

१० मे

डब्याच्या पाठीत एक निळी वायर आहे. आयिक्वे न्हाव्याकडे गेला, तेव्हा हळूच ओढली. टक्! बस, एवढंच. पूर्ण नाही काढली. जागेवर दिसते, पण लागलेली नसते.

देवानं पाहिलंच असेल. पण लेकरंबाळं त्यालाही आवडतात.

११ मे

इतका शिकला, पण वायरीकडे बघत नाही! दिवसभर कपाळाला हात. हँबुर्गच्या मित्राला फोनच्या पडद्यावर बोलावलं, दोघं त्यांच्या भाषेत भांडले, मग सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून घातलं. मी शेजारी बसून केंकी सोलून दिली.

"अवघड आहे गं, आजी."

"असू दे रे राजा. घाई कुणाला आहे?"

संध्याकाळी दया आली. वायर दाबून बसवली. वाजला! पोरगं नाचलं. संधी मिळाली की परत ओढीन.

१३ मे

आजपासून महिनाभर ढोल-गाणी बंद. देवांसाठी बाजरी पेरली की त्यांना शांतता लागते. आमच्या जेम्सटाउन वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. माझा हँबुर्गवाला विसरला! भर दुपारी अंगणात बँडबाजा लावला. बंदीवर नजर ठेवणारी राजाची माणसं आली आणि स्पीकर उचलून घेऊन गेली.

मी नवं लुगडं नेसून, दंडाची जिनची बाटली घेऊन सोडवायला गेले. तिथला म्हातारा विचारतो, "काय गं, नातू गोरा झाला का?" म्हटलं, "रंगानं नाही हो, डोक्यानं." सगळे खो खो हसले. स्पीकर मिळाला.

म्हणजे महिनाभर खोल्यांत वाजवून बघता यायचं नाही. म्हणजे तिकीट नाही! धन्य ते आमचे देव! चर्चच्या देवानं तेवढे कान झाकावे.

२१ मे

कॅसेटी डब्यात भरायचं चाललंय. आयिक्वे ते कानात घालून बसतो, म्हणजे बाहेर आवाज नाही. निळी वायर मी परत ओढून ठेवलीय; ती खोल्यांतल्या स्पीकरांची, म्हणून त्याला पत्ता नाही. कॅसेट जेवढी लांब, तेवढा वेळ भरायला लागतो. हे कळल्यावर मी शेजारच्या आडोलेकडून तिच्या नवऱ्याच्या अंत्यविधीच्या पिशवीभर कॅसेटी आणल्या. नुसती भाषणं! कोण कुणाचा जावई, कुणाचं किती रडायचं राहिलं.

"आजी, ह्यासुद्धा भरायच्या?"

"अरे, त्याच तर माझ्या आवडीच्या!"

२ जून

आडोलेनं आणखी एक पिशवी दिली. तिचा दीरही गेलेला आहे.

६ जून

कोर्कोर जेवताना म्हणाली, "तुला नोकरी आहे ना रे तिकडे, की तीही डब्यात भरलीस?" मी हसले. आयिक्वे हसला नाही. त्याचा फोन वाजत होता, त्यानं तो उपडा ठेवला.

माझ्या खेळापायी पोराचं काम जायचं. बास झालं. बंदी उठली की वायर लावायची आणि हसत निरोप द्यायचा. रडायचं ते आडोलेच्या कॅसेटी ऐकताना रडेन, कुणाला कळायचं नाही.

१३ जून

सकाळी ढोल वाजले! बंदी उठली. आयिक्वे आंघोळीला गेला, तशी मी निळी वायर आत दाबली. टक्! पुन्हा एकदा दाबून पाहिलं. पक्की. मग तोंडावर पाणी मारलं आणि अंगणात येऊन बसले. कोर्कोर आली, आडोले खुर्ची घेऊन आली. केस ओले असतानाच आयिक्वे आत डब्याकडे गेला, बाहेर आला, मोबाइलवर बोट ठेवलं.

अंगणात काही नाही. स्वयंपाकघरात नाही. न्हाणीघरात पास्टरही गप्प.

आयिक्वेनं कपाळाला हात लावला. "पुन्हा पहिल्यापासून बघावं लागेल, आजी. वेळ लागेल."

१४ जून

आयिक्वे मासे आणायला गेला, तेव्हा डब्याच्या पाठीमागे वाकून बघितलं. निळी वायर जागेवर दिसते, पण लागलेली नाही.

मी हात लावला नाही. केंकीचं पीठ दुप्पट भिजवलं.