आमनी पलटण

आबा, परवा तुमच्या पलटणीतले एक म्हातारे शिपाई भडगावहून दोंडाईच्याला आपल्या घरी आले, तुम्हाला भेटायला. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, त्यांना पत्ताच नव्हता. दारातूनच त्यांनी तुमच्या नावाने हाक मारली. या घरात त्या नावाचं कोणी उरलेलं नाही, त्यामुळे ओ कोणी द्यायची हेच मला सुचेना.

तुम्ही गेल्याचं सांगून त्यांना स्वयंपाकघरातच बसवलं, तुमच्या जागेवर. पेन्शनवर आल्यापासून तुम्ही तिथेच ठाण मांडायचात. मी कळण्याच्या भाकरी थापतेय आणि तुम्ही स्टीलच्या मगातून चहा पीत पलटणीचा इतिहास सांगताय. इंग्रजांनी ती कशी उभी केली, नावं कितीदा बदलली, तरी निशाण तेच कसं राहिलं. पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाबद्दल सांगताना "आम्ही मेसपोटममा लढनूत," म्हणायचात. आई चुलीपुढून पुटपुटायची, "मनी सवत शे ती पलटण." एकदा मी कौतुकाने म्हटलं, "आपली पलटण भारीच शे, आबा!" तुम्ही एकदम गरजलात, "आपली नही, आमनी! तू व्हती का तठे?" मीही तुमचीच पोर. म्हटलं, "मेसपोटममा तुम्ही तरी कोठे व्हतात? तवय आजाबी जन्मेल नव्हता." तुम्ही चहाचा मग तसाच ठेवून उठलात. पुढे कितीतरी दिवस अबोला. जन्माच्या आधीची लढाई ‘आमची’ होऊ शकते, आणि मी मात्र बाहेरची? सुट्टीवर पाहुण्यासारखे येणारे आबा कायमचे घरी आले तरी पाहुणेच राहिले, असं मी धरून बसले. फार लागलं होतं मला ते.

म्हणून चहा देता देता त्या शिपाईबाबांना विचारूनच टाकलं, "तिकडे आबा आमच्याबद्दल कधी बोलायचे का हो?"

ते खो खो हसले. "घरना लाडू बठ्ठास्ले वाटी दे तो. पन तुन्हा फोटूले कोनले हात लावू दे नही. आम्ही म्हनूत, आपलीच पोर शे ना रे, दाव की! तर म्हने, आपली नही, आमनी!"

लाडू सगळ्यांना, पण माझ्या फोटोला कोणाचा हात नाही! भांडी घासायचं निमित्त करून मी मोरीत गेले आणि पोटभर रडले. तुम्ही असतात तर भांडले असते, आबा. हे एकदा घरात बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

पूर्वी पाकिटावर पलटणीचं नाव आणि लष्करी टपालाचा नंबर घातला की पत्र पोचायचं, तुम्ही कुठे आहात ते आम्हाला ठाऊक नसलं तरी. आता या पत्राचं पाकीट कोरंच राहणार.

निघताना शिपाईबाबांनी विचारलं, "घरमा कोन कोन राहस बेटा?" म्हटलं, आईही गेली, आता मी एकटीच. मग त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं, "आमचे आबा तुमची फार आठवण काढायचे." ते खोटं होतं. तुम्ही त्यांचं नाव कधीच काढलं नव्हतं. पण घरात दुसरं कोणी नसताना तुमच्या ‘आमनी’सारखं ‘आमचे’ कसं निघालं, त्याचाच विचार करत बसलेय. ‘माझे’ म्हणायला जीभ वळली नाही, आबा.