व्हर्बोविनच्या बाजारचौकातील कॅमेऱ्याबाबत

दि. ११ नोव्हेंबर २०२४

प्रति,
मा. नगराध्यक्ष,
व्हर्बोविन नगरपालिका, चेक प्रजासत्ताक

विषय : बाजारचौकातील थेट प्रक्षेपणाचा कॅमेरा पुन्हा सुरू करणेबाबत.
संदर्भ : कॅमेरा बंद केल्याची आपल्या संकेतस्थळावरील सूचना.

महोदय,

मी तहसील कार्यालयातून निवृत्त झालेली अव्वल कारकून, मूळची पुण्याची, सध्या मुक्काम ओजिमा, तोक्यो, मुलाकडे. मुलगा निहार व सून शिवानी तोयोसुला नोकरीस जातात. नात पूर्वी हिला शाळेत युरोपातील एका लहान गावाची माहिती सांगायची होती, तेव्हा आपले गाव सापडले. तिचा प्रकल्प संपला, माझे पाहणे चालू राहिले.

१. आपले गाव टेकडीच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर आहे. राजाने बाजाराचा हक्क दिल्यापासून तेथे बुधवारी बाजार भरतो. मागे कांद्यासारख्या घुमटाचे चर्च, पुढे प्लेग ओसरल्यावर उभारलेला दगडी खांब. साथ गेल्यावर बांधलेले देवस्थान म्हणून मीही त्यास हात जोडते. हे रीतसर नसल्यास क्षमा असावी.

२. येथे दुपारच्या जेवणाची भांडी आवरली की आपल्याकडे उजाडते. निळा रुमाल बांधलेल्या एक वृद्ध बाई खांबापाशी फुले ठेवून बाकावर बसतात. त्या बसल्या की मी चहा घेते. त्यांना याची कल्पना नाही.

३. रहिवाशांच्या खासगीपणासाठी कॅमेरा बंद केल्याचे आपण म्हटले आहे. कारण रास्त आहे. तथापि मी लिहून देते की, चौकात कोण कोणाबरोबर आले-गेले हे मी कोणालाही सांगितलेले नाही. दिवसभर घरी मी एकटी असते, संध्याकाळी सगळे दमलेले असतात.

४. कॅमेरा बंद होण्याआधी काही दिवस त्या बाई आल्या नव्हत्या. मला फार काळजी लागली आहे. त्यांची तब्येत तरी कळवावी. आजारी असल्यास त्यांच्या जागी दुसऱ्या कोणास बसू देऊ नये.

५. निहार हा अर्ज इंग्रजीत करून देणार होता, पण त्याला सवड होत नाही, म्हणून मराठीतच पाठवत आहे. नियमाप्रमाणे कोर्ट फी तिकीट लावले आहे. त्रुटी असल्यास अर्ज फेटाळू नये, परत पाठवावा.

उत्तर आपल्या भाषेत आले तरी चालेल. नात पूर्वी माझ्याशी जपानीतच बोलते, त्यामुळे न समजणाऱ्या भाषेची मला सवय आहे. या पत्त्यावर माझ्या नावाने आजवर एकही टपाल आलेले नाही, तरी त्वरित कार्यवाही व्हावी.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
कुमुदिनी चंद्रशेखर रानडे

सोबत : माझा पत्ता लिहिलेले रिकामे पाकीट.