धुतल्यावरचा रंग

बाबूजी, फोटो छापायच्या प्रिंटरमधून सांडणाऱ्या शाईची टाकी मी सलाईनच्या बाटलीची केली. फोटो वाळवायचं कपाट जुन्या पलंगाच्या फळ्यांचं. छापलेला फोटो पारखायला पेटी, तिच्यात एकीकडे ट्यूबलाइट, दुसरीकडे पिवळा बल्ब. आणि प्रिंटरच्या सहा खणांत रंगांऐवजी सहा काळ्या शाया, एक दाट, बाकीच्या डिस्टिल्ड वॉटर आणि ग्लिसरीन घालून पातळ करत नेलेल्या, सिरिंजनं मोजून. कुणी शिकवलं नाही.

चकचकीत कागदाची काळी शाई सुती कागदावर राखेसारखी दिसते. सुती कागदाची काळी चकचकीत कागदावर वाळली तरी बोटाला येते. रंगीत शाया मिसळून करडा काढला, तर फोटोतला माणूस ट्यूबखाली हिरवट आणि अंगणात नेला की जांभळट. काजळीपासून केलेली काळी अशी पलटत नाही, फक्त जरा तपकिरी झुकते, म्हणून मी तिच्यात निळ्याचा थेंब टाकतो. एकच. दोन झाले की चेहरा थंड पडतो.

अजूनही दिसतं, तुम्ही राइस मिलमधून येता, भुवयांपर्यंत कोंडा, आणि नळावर बसता. आई पाणी ओतते आणि त्या पांढऱ्याखालून तुम्ही निघता, काळेभोर, गालफडाखाली खळगा. एका साली आपण बाजारातल्या स्टुडिओत फोटो काढला. फोटोवाल्यानं ब्रश फिरवून तुम्हाला गोरं केलं होतं. तुम्ही फोटो उजेडात धरलात. "हा तं मिलमधून सुटल्यावरचा आहे बाप्पा. धुतल्यावरचा दे ना." तो म्हणाला, "काका, लोग तो इसके अलग से पैसे देते हैं." मी हसलो. तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत. "तू काऊन हासून राहिला? तुयाई रंग हाच आहे."

तुम्ही गेलात, मागे तुमचा तेवढाच फोटो आहे. दरवर्षी तो स्कॅन करतो, दरवर्षी नवी काळी लावून पाहतो. छापल्यावर काळे होता तुम्ही, पण खळगा येत नाही. ब्रशखाली जे गेलं ते कुठल्याच शाईत नाही. मग दुसऱ्यांची माणसं नीट छापतो. "भाऊ, आईले जराशी उजळ करा ना," म्हणतात. मी करत नाही. काही लोक उठून जातात.

काळी शाई बसून राहिली की प्रिंटरच्या छिद्रांत सुकते, आणि आपल्याकडचा एप्रिल तर ठाऊकच आहे. म्हणून रोज एक पट्टी छापतो. चार वर्षं झाली, गोंदियाबाहेर झोपलो नाही. सालेकशाला बहिणीच्या घरी लग्न होतं, अक्षता पडल्या आणि परत निघालो. मंडपात सगळ्यांसमोर बायको म्हणाली, "जाऊ द्या त्यायले, मशीनले दूध पाजाचं आहे." खोलीला एक खिडकी आहे, तीही धुळीमुळे बंद ठेवतो.

मागच्या महिन्यात नागपूरच्या एका मोठ्या लॅबच्या मालकानं मी छापलेला एका म्हातारीचा फोटो कुणाकडे तरी पाहिला, आणि फोन केला. काळ्यापांढऱ्याचं सगळं काम तुमच्याकडे, म्हणाला, राहायला खोली देतो. बायकोला सांगितलं, तिथं चेहरे गोरे करतात, मला जमणार नाही. "विचारलं का तुम्ही, करतात का म्हणून?" नव्हतं विचारलं. "मंग कायले खोटं बोलता?"

खरं कारण तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो, कारण हे कागद कुठं जाणार नाहीत. आधी आठ दिवस येऊन पाहा, लॅबवाला म्हणाला होता. त्यांच्याकडे काळा मोजायचं यंत्र आहे, फोटोवर ठेवलं की आकडा सांगतं. माझी काळी मी आजवर डोळ्यानंच ठरवली. त्या यंत्रानं ती हिरवट आहे म्हटलं असतं तर? लॅबमधल्या चार पोरांसमोर?

महिन्याला बावन्न हजार देत होता. मी नाही म्हटलं.